पहिल्या ऑटोक्रॉसला घरची गाडी घेऊन जाताना

प्रश्न असा आहे: "न्यू जर्सीत राहतो. २०१८ ची साधी होंडा सिव्हिक आहे, ऑटोमॅटिक. पुढच्या महिन्यात पहिल्यांदाच ऑटोक्रॉसला नाव दिलंय. घरात ही एकच गाडी, सोमवारी तीच घेऊन ऑफिसला जायचंय. आधी गाडीत काय बदल करू? गाडीचं काही नुकसान होईल का? आणि वेळ बरी यावी म्हणून काय करू?"

बदल काहीही करू नका. गाडी आहे तशी आणा. पहिल्या दिवशी तुमची वेळ गाडीवरून ठरणार नाही. सकाळी तुम्ही कोर्सवरून, म्हणजे कोन मांडून आखलेल्या वाटेवरून, पायी किती लक्ष देऊन चाललात आणि गाडीत बसल्यावर तुमची नजर कुठे होती, या दोनच गोष्टींवर ती ठरणार आहे. मी बारा वर्षं इथल्या स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका, म्हणजे एससीसीएच्या 'सोलो' स्पर्धांमध्ये (ऑटोक्रॉसला ते हेच नाव देतात) गाडी चालवतोय आणि त्यातली सात वर्षं नवख्यांच्या शेजारी बसून शिकवतोय. हजारो डॉलर्स घातलेल्या गाड्या साध्या सिव्हिकच्या मागे राहिलेल्या मी इतक्या वेळा पाहिल्यात की हे अगदी खात्रीने सांगतो.

घरच्यांना समजावताना उपयोगी पडेल म्हणून आधी खेळाबद्दल थोडं. आपल्याकडे नाशिक-पुण्याला ऑटोक्रॉस म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर माती, धुरळा आणि आडवी घसरत जाणारी जिप्सी येते. इथला प्रकार वेगळा. स्टेडियमचा मोठा पार्किंग लॉट किंवा जुन्या विमानतळाची धावपट्टी घेतात, त्यावर नारिंगी ट्रॅफिक कोन मांडून वळणावळणाची वाट आखतात आणि गाड्या अंतर ठेवून एकेक करून सोडतात. शेजारून कुणी ओलांडत नाही, कुणी घासत नाही. फेरी साधारण ४० ते ७० सेकंदांची, वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजतात. दिवसभरात चार ते सहा फेऱ्या मिळतात आणि त्यातली सर्वांत चांगली धरतात. वेग क्वचितच हायवेच्या पुढे जातो. सिव्हिकमध्ये तुम्ही बराच वेळ ताशी ५० ते ८० किलोमीटरच्या मध्ये असाल. ऐकायला हे कमी वाटतं, पण त्या वेगात दर सेकंदाला काहीतरी करावं लागतं.

नुकसानीचं सांगतो. गाडीला लागलाच तर प्लास्टिकचा कोन लागतो. त्याचा नारिंगी डाग बंपरवर राहतो आणि पॉलिशने निघतो. टायरच्या कडा मात्र झिजतात, विशेषतः पुढच्या. ब्रेक तापतात. बाकी नीट सांभाळलेल्या गाडीला एका दिवसाने काही होत नाही. तरी नावनोंदणीआधी विम्याची पॉलिसी वाचा. घरच्या गाडीच्या विम्यात वेळ मोजणाऱ्या स्पर्धा बहुधा वगळलेल्या असतात आणि आयोजकांचा विमा तुमच्या गाडीचा पत्रा भरून देत नाही. हे बायकोला आधीच सांगून ठेवा, नंतर नको.

आदल्या दिवशीची तयारी तासाभराची. गाडी पूर्ण रिकामी करा. मुलांच्या सीट, डिकीतली छत्री, दारातल्या बाटल्या, डॅशबोर्डवरचा गणपती, सगळं घरी ठेवा. ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट आठवणीने काढा. गाडी जोरात डावी-उजवी होते तेव्हा सुटी मॅट किंवा बाटली पॅडलखाली जाते आणि नेमकी ब्रेक दाबायच्या वेळी अडकते. चाकांचे नट टॉर्क रेंचने (नट किती जोराने आवळलाय ते मोजणाऱ्या पान्याने) तपासा. सिव्हिकला ८० फूट-पाउंड, म्हणजे १०८ न्यूटन मीटर लागतात. हे हातच्या अंदाजावर सोडू नका. बॅटरी हलवून बघा, जागची हलता कामा नये. ब्रेक पॅड निम्म्याहून जास्त शिल्लक असावेत, ब्रेक ऑइल खालच्या खुणेच्या वर असावं. स्पर्धेच्या जागी तांत्रिक तपासणीत हेच बघतात. यात काही उणं निघालं तर परत पाठवतात आणि ते बरोबरच आहे. ऑइल आणि कूलंट बघा, पेट्रोल निम्मं टाकी ठेवा. टाकी अगदी तळाला असेल तर लांब वळणात पेट्रोल एका बाजूला जाऊन इंजिन अडखळू शकतं.

हेल्मेटवर स्नेलसारख्या, हेल्मेट तपासणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थेचा स्टिकर लागतो. मी पहिल्या वर्षी भारतातून आणलेलं आयएसआय शिक्क्याचं हेल्मेट घेऊन गेलो होतो, ते चाललं नाही. पहिल्यांदा विकत घ्यायची गरजही नाही. बहुतेक ठिकाणी उसनी हेल्मेटं ठेवलेली असतात, फक्त खाली घालायला पातळ कापडी टोपी न्या. आणखी काय न्याल? रंगकामाची निळी टेप (दारावर नंबर आणि वर्ग लिहायला), टायरमधली हवा बघायचा गेज, हवा भरायचा छोटा पंप, खडू, टोपी, सनस्क्रीन आणि भरपूर पाणी. डांबरावर दिवसभर उभं राहायचंय आणि सावली कुठेच नसते. तुमची सिव्हिक बहुधा एच स्ट्रीट वर्गात (फारसे बदल न केलेल्या गाड्यांच्या 'स्ट्रीट' वर्गांपैकी एकात) बसेल, नोंदणीच्या वेळी विचारून घ्या. आधी बदल करू नका म्हणालो त्याचं एक कारण हेही. कमी उंचीच्या स्प्रिंगा घातल्या की गाडी स्ट्रीट वर्गातून बाहेर पडते आणि पूर्ण तयारीच्या गाड्यांशी गाठ पडते. पैसे गेले आणि स्पर्धाही कठीण झाली, असं होतं.

टायरच्या हवेबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण फुकटात मिळणारा हा एकच फायदा आहे. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यावर समजा ३२ पीएसआय लिहिलंय. तो आकडा रस्त्यावरच्या आरामासाठीचा. कोर्सवर इतक्या हवेत पुढचं टायर वळणात दुमडतं आणि गाडी टायरच्या बाजूच्या भिंतीवर चालू लागते. पुढे ३८, मागे ३६ ने सुरुवात करा. मग चारही टायरांवर, जिथे नक्षी संपून बाजूची भिंत सुरू होते तिथे, खडूने बोटभर रुंदीची आडवी रेघ ओढा. फेरी मारून आलात की वाकून बघा. बहुतेक टायरांवर त्या कडेला छोटा त्रिकोण कोरलेला असतो. खडू त्या त्रिकोणापर्यंत पुसला गेला असेल तर हवा बरोबर आहे. त्याच्या खाली भिंतीवरही पुसला असेल तर दोन पीएसआय वाढवा. त्रिकोणाच्या बराच वर राहिला असेल तर दोन कमी करा. फेऱ्या होतील तसं टायर तापून हवा आपोआप वाढते, म्हणून प्रत्येक फेरीनंतर गेज लावा. पाऊस आला तरी याच पद्धतीने बघा.

आता मुख्य गोष्ट. सकाळी कोर्स मांडून झाला की चालायला मोकळा ठेवतात. त्या वेळात तुम्ही काय करता त्यावर तुमचा दिवस ठरतो.

माझ्या पहिल्या स्पर्धेत मी दोन मित्रांबरोबर गप्पा मारत एकदाच चाललो. कॉफी हातात, विषय ऑफिसचा. गाडीत बसून निघालो आणि तिसऱ्या वळणानंतर समोर नुसता नारिंगी समुद्र दिसला. कोन उभ्याने बघताना जी वाट सरळ दिसते, ती गाडीतून बसल्या उंचीवरून दिसतच नाही. पुढच्या कोनांचे मागच्यांत मिसळून ढीग दिसतात. मी चुकीच्या फटीतून डावीकडे घुसलो, फेरी बाद. दुसऱ्या फेरीत पुन्हा तिथेच. चारपैकी दोन फेऱ्या गेल्या, आणि गाडीचा त्यात काहीच दोष नव्हता.

किमान तीनदा चाला. पहिल्यांदा नवख्यांसाठी जो अनुभवी माणूस घेऊन जातो त्याच्या मागे. फक्त वाट समजून घ्या. आडवे पाडलेले कोन दिसतील. त्यांचं टोक उभ्या कोनाकडे असतं आणि ते सांगतात की उभा कोन कुठल्या बाजूने घ्यायचा. दुसऱ्यांदा एकटे चाला. प्रत्येक वळणाशी थांबून गुडघे वाकवा, सिव्हिकमध्ये तुमचे डोळे जिथे असतात तेवढ्या उंचीवर या आणि बघा पुढचं काय दिसतं. जिथे दिसत नाही तिथे कोर्सच्या पलीकडची एखादी मोठी खूण धरा, दिव्याचा खांब किंवा पांढरी व्हॅन. "पिवळ्या पट्ट्यानंतर खांबाकडे" असं मनात ठेवा. तिसऱ्यांदा चालताना खरे कोन शोधा. एका वळणाला पंधरा-वीस कोन लावलेले असतात, पण गाडी ज्याच्या चिकटून जायला हवी तो त्यातला एखादाच असतो, बहुधा आतल्या बाजूचा आणि वळणाच्या उत्तरार्धातला. बाकीचे सगळे सोडून द्या. संपूर्ण कोर्समध्ये असे आठ-दहा खरे कोन निघतात. ते पाठ झाले की कोर्स पाठ झाला. मग गाडीत डोळे मिटून बसा आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत मनात चालवा. कुठे अडकलात तर तेवढा तुकडा पुन्हा चालून या.

एससीसीएची राष्ट्रीय सोलो स्पर्धा सप्टेंबरमध्ये नेब्रास्कातल्या लिंकनला जुन्या हवाई तळाच्या काँक्रीटवर होते. हजाराहून जास्त ड्रायव्हर येतात. दोन कोर्स, दोन दिवस, प्रत्येक कोर्सवर तीन फेऱ्या. स्पर्धेच्या कोर्सवर आधी सरावाला गाडी घालता येत नाही, फक्त चालता येतं. तिथे संध्याकाळी उन्हं उतरेपर्यंत लोक हाताने स्टिअरिंगचे हावभाव करत कोर्सवर चालत असतात. एवढी मुरलेली माणसं इतकं चालतात, तर आपण एका फेरफटक्यात कसं भागवणार?

गाडीत बसताना सीट नेहमीपेक्षा थोडी पुढे आणि पाठ जास्त उभी ठेवा. हात लांब केल्यावर मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे. पट्ट्याची एक युक्ती आहे. सीट थोडी मागे घ्या, पट्टा लावा, झटका देऊन तो अडकवा आणि तसाच ठेवून सीट पुढे घ्या. पट्टा अंगाला आवळून बसतो. मग वळणात स्वतःला सावरायला स्टिअरिंग धरून बसावं लागत नाही, हात मोकळे राहतात. गिअर 'एस' वर टाका आणि मग विसरून जा. घसरण रोखणारी व्हीएसए पहिल्या दिवशी चालूच ठेवा.

आणि नजर. सुरुवातीला मला वाटायचं की मी पुढेच बघतोय. दुसऱ्या स्पर्धेत शेजारी एक वयस्कर शिक्षक बसले. पाच कोनांची नागमोडी रांग होती, जिला इथे स्लॅलम म्हणतात. त्यांनी काही न बोलता उजवा हात उचलून काचेपुढे धरला, बोट दूरच्या कोनाकडे. मी पहिल्या कोनाशी होतो आणि त्यांचं बोट तिसऱ्याकडे. मी दुसऱ्याशी आलो तर बोट चौथ्याकडे गेलेलं. माझी नजर बंपरसमोरच्या कोनावर ओढली गेली की ते बोट किंचित हलवायचे. त्या एका फेरीत माझी वेळ दोन सेकंदांनी कमी झाली, आणि मी वेग वाढवलाय असं मला एकदाही वाटलं नव्हतं.

याचा हिशोब सोपा आहे. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साडेसोळा मीटरच्या आसपास, जवळजवळ ५५ फूट. स्लॅलमचे कोन साधारण तेवढ्याच अंतरावर असतात. म्हणजे सेकंदाला एक कोन. समोरच्या कोनाकडे बघून हात हलवाल तेव्हा तो कोन मागे गेलेला असतो. पहिल्या कोनाला थोडा उशीर, दुसऱ्याला त्याहून जास्त, चौथ्यापर्यंत गाडी रुंद फेकली जाते आणि ब्रेक मारावा लागतो. म्हणून कोन तुमच्या दाराशी येईल तोवर स्टिअरिंग पुढच्या बाजूला वळायला लागलेलं पाहिजे. स्लॅलममध्ये पहिला कोन वेळेवर घेतला की बाकीचे आपोआप जमतात. हे फक्त दूर बघणाऱ्यालाच साधतं, कारण हात नजरेच्या मागे जातात. काचेपलीकडे दिसत नसेल तर बाजूच्या काचेतून बघा. मान वळवायला लाजू नका, लांब गोल वळणात तर मान बरीच वळली पाहिजे.

दुसरी मोठी चूक स्टिअरिंग जास्त वळवण्याची. तुमची गाडी पुढच्या चाकांवर चालते. वेगात वळणात शिरलात की पुढची चाकं किंचाळतात आणि गाडी सरळ सरकत जाते. घाबरून माणूस आणखी वळवतो, गाडी आणखीच सरकते. टायरच्या पकडीला एक भाकरी समजा. ती सगळी ब्रेकला द्या, सगळी वळणाला द्या, किंवा अर्धी-अर्धी वाटा. दोघांना पूर्ण भाकरी मिळत नाही. म्हणून सरळ रेषेतच जोरात ब्रेक दाबा, आणि वळायला सुरुवात होईल तसतसा पाय हळूहळू उचला. तरीही पुढून सरकली तर ॲक्सिलरेटर थोडा सोडा आणि स्टिअरिंग जरा सरळ करा. पकड परत येते आणि गाडी वळते. पहिल्यांदा हे मनाला पटत नाही, पण एकदा अनुभवलं की विसरत नाही. एबीएस लागला की पॅडल पायाखाली थरथरतं, बऱ्याच जणांचा पाय दचकून उचलला जातो. गावाबाहेरच्या रिकाम्या, कोरड्या जागेवर आदल्या आठवड्यात एकदा तो अनुभव घ्या.

नवख्यांनी अजून एक सांभाळावं. शेवटचं वळण बऱ्याचदा फेरी संपते त्या निशाणाच्या जवळ ठेवलेलं असतं. तिथे आनंदाने पाय दाबला जातो, कोन उडतात. निशाण ओलांडून थांबायची जागा ठरलेली असते, तिथे पूर्ण थांबा आणि मगच चालण्याच्या वेगाने गाड्या उभ्या असतात तिथे या.

नियमातलं थोडं. प्रत्येक कोनाच्या बुडाशी चौकट आखलेली असते. कोन उभाच राहिला आणि त्याचा कुठलाही भाग चौकटीला लागून असेल, तर दंड नाही. पडला किंवा पूर्ण बाहेर सरकला तर दोन सेकंद. फाटक, म्हणजे ज्या दोन कोनांमधून जायचं ती जागा, चुकलं तर फेरी बाद. तुमच्या पुढे कुणाचा तरी पडलेला कोन दिसला तर तिथेच थांबा आणि बोटाने दाखवा, फेरी परत मिळते. तसेच पुढे गेलात तर मिळत नाही. लाल झेंडा दिसला की लगेच थांबायचं, त्यातही फेरी परत मिळते. निकालपत्रावर पॅक्स असा रकाना दिसेल. तुमच्या वेळेला वर्गाच्या ठरलेल्या आकड्याने गुणतात, म्हणजे सिव्हिक आणि कॉर्व्हेट एका तराजूत मोजता येतात. आकडा ०.८ असेल तर ५० सेकंदांचे ४० होतात. पहिल्या दिवशी तिकडे फार बघू नका. पहिल्या फेरीत वाट न चुकणं, दुसरीत खरे कोन जवळून घेणं, तिसरीपासून वेग, एवढंच मनात ठेवा.

तुमच्या वर्गाची फेरी नसेल तेव्हा कोर्सवर काम करावं लागतं. कंटाळू नका, ही दिवसातली सर्वांत चांगली शिकवणी आहे. पण नियम कडक पाळा. गाडी येते तिकडे कधीही पाठ करायची नाही. बसायचं नाही, फोन खिशात. गाडी पुढे गेल्यावरच धावत जाऊन कोन उचलायचा, चौकटीत ठेवायचा, रेडिओवर सांगायचं आणि पुढची गाडी येण्याआधी जागेवर यायचं. एकाच वळणाशी तासभर उभे राहिलात की तीस-चाळीस ड्रायव्हर तेच वळण घेताना दिसतात. जे सहज आणि शांत दिसतात त्यांचीच वेळ कमी असते, हे कानांनीही कळतं. किंचाळणाऱ्या टायरांच्या गाड्या मागे पडलेल्या असतात.

शेजारी शिक्षक हवा म्हणून आधीच सांगा, आणि चालत असेल तर त्यांना तुमची गाडी एक फेरी चालवायला द्या. तुमच्याच गाडीत, तुमच्याच टायरांवर किती वेळ निघते ते बघितलं की गाडीत काय बदलावं हा प्रश्न बराच काळ पडणार नाही. वर्षभर फेऱ्या मारल्यावर काही घ्यायचंच असेल तर चांगले टायर घ्या. स्ट्रीट वर्गात २०० च्या खालच्या ट्रेडवेअरचे (टायर किती लवकर झिजतं ते सांगणारा, टायरवर लिहिलेला आकडा) चालत नाहीत, तेवढं बघून घ्या.

दोन फेऱ्यांमध्ये बॉनेट उघडून ठेवा. ब्रेक तापलेले असताना हँडब्रेक लावू नका, गाडी 'पार्क' मध्ये ठेवून चाकामागे लाकडाचा ठोकळा लावा. घरी निघण्यापूर्वी नट पुन्हा एकदा रेंचने तपासा, मॅट जागेवर टाका. हवा मात्र सोमवारी सकाळी गाडी गार असताना ३२ वर आणा. गरम टायरची हवा ३२ ला सोडलीत तर सकाळी ती २८ च्या आसपास उतरलेली असेल, आणि तशीच घेऊन ऑफिसला जाणं बरं नाही.